बझारुकाचं स्थळ

आमच्या घरी दर रविवारी लग्न जमवण्याचा कार्यक्रम असे. एका पक्षाला नाणं, दुसऱ्या पक्षाला गाणं. नाण्याच्या बाजूने बाबा बसत, गाण्याच्या बाजूने आई, आणि मधे मध्यस्थ म्हणून मी. कागदाच्या पुडीतून नाणं काढून पितळी ताम्हणात ठेवण्याचा मान माझा होता आणि तो मी कुणाला देत नसे. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आमच्याकडे जरा जपून बघायचा. शेजारच्या काकू तर एकदा काळजीने विचारायला आल्या, की तुमच्याकडे सारखी स्थळांची बोलणी ऐकू येतात, नंदिनी तर अजून आठवीत आहे ना? आई हसून हसून ओट्याला टेकली. मग तिने काकूंना बसवून घेतलं आणि त्या दिवशीच्या नवरदेवाचं दर्शन घडवलं. तो क्षत्रपांच्या काळातला चांदीचा इवलासा तुकडा होता, त्यावर मिशीवाल्या, मोठ्या नाकाच्या राजाचा चेहरा. दीड-पावणेदोन हजार वर्षांचा आहे म्हणून बाबांनी अभिमानाने सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "वयात जरा अंतर आहे, पण नाकीडोळी बरा आहे." आणि चहा पिऊन गेल्या.

बोळिंजला आम्ही नव्याने राहायला आलो होतो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक गॅलरी, तिच्यातून तेव्हा भातखाचरं दिसायची आणि खाचरांच्या कडेला पुढच्या इमारतींच्या लोखंडी सळया. बाबा मुंबईत एका विमा कंपनीत कारकून. मूळचे साताऱ्याकडचे, त्यामुळे मासा खाताना अजूनही परीक्षेला बसल्यासारखे बसायचे. आई मालवणची. रविवारी सकाळी अर्नाळ्याची मासेवाली टोपली घेऊन तीन मजले चढून यायची, तेव्हा त्या दोघींचा जो सवालजवाब चालायचा तो मला आजही पाठ आहे. "ताजं हाय गो बाय, पानी पन सुटलं नाय!" असं ती म्हणायची आणि आई बोंबलाचं पोट दाबून बघत म्हणायची, "हे काल ताजं होतं." मग वाटण, मग खोबऱ्याचा वास, कुकरच्या शिट्ट्या, खाली कुणाची तरी सुरू न होणारी स्कूटर. आमटीला उकळी फुटली की आई हात पुसत बाहेर यायची आणि म्हणायची, "चला, आणा तुमचा मुलगा."

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगायला हवं. बाबांना नाण्यांचा नाद होता. भंगारवाले, तांबट, गावोगावचे सोनार, कुणाकडेही जुनं काही वितळायच्या वाटेवर असलं की बाबा तिथे हजर. आईला गाण्याचा नाद. लग्नाआधी सहा वर्षं ती शिकली होती, पलंगाखाली तिची पेटी होती आणि भिंतीतल्या कपाटाच्या दोन फळ्या कॅसेटींनी भरलेल्या. आता, बाबांना गाण्यातलं ओ की ठो कळत नसे. आरतीच्या वेळी आई त्यांना प्रेमाने फक्त टाळ्या वाजवायला सांगायची, आणि त्याही ते चुकवायचे. आईला नाण्यांतलं काही कळत नसे. एका रविवारी बाबा एका शिवराईबद्दल इतका वेळ बोलले, की आई म्हणाली, "अहो, तुम्हीच बोलताय मघापासून. त्याला काही बोलता येतं का बघू." आणि तिने ते नाणं सरळ कडप्प्याच्या ओट्यावर टाकलं. बाबांचा चेहरा पांढरा पडला. पण नाणं वाजलं, छान वाजलं. आईने पेटी ओढली, दोन पट्ट्या चाचपल्या आणि म्हणाली, "पंचम आहे. जरा उतरलेला, पण आहे." बाबा तोंड उघडं ठेवून तिच्याकडे बघत राहिले. वीस वर्षं नाणी जमवणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कळलं होतं, की आपल्याकडे पंचम आहे.

तेव्हापासून प्रत्येक नाण्याला जोडी शोधायची असं ठरलं. आधी बाबा मुलाची माहिती सांगत, म्हणजे धातू, वजन, कुठला, कुणाच्या अमलातला. आई नाणं एकदा ओट्यावर वाजवून बघे (बाबांनी त्यासाठी तिथे जाड रुमाल घालायची परवानगी मागितली होती, आईने ती दिली नाही). मग ती कॅसेट निवडे. नाणं तळहातावर ठेवून गाणं पूर्ण ऐकायचं, मधे बोलायचं नाही. संपल्यावर तिघांनी मत द्यायचं. जमलं तर पुडीवर बाबा सुवाच्य अक्षरात लिहीत, नाव, धातू, गाव आणि खाली 'जोडी'. त्या मिशीवाल्या क्षत्रपाला आईने ठुमरी दिली. "हे नाक बघा. हा माणूस संध्याकाळी दुसरं काही ऐकत नसणार," असं तिचं म्हणणं. कंपनी सरकारच्या पाव आण्याला एका पलटणीच्या बँडचं वाजवणं मिळालं, आणि त्यावर कुणाचाच आक्षेप नव्हता. शिवराईवरून मात्र तीन रविवार भांडण चाललं. बाबांना पोवाडा हवा होता. आई म्हणाली, "शिवराई काय नुसती तलवारवाल्यांच्या हातात होती? बाजारात भाजी घेणाऱ्या बाईच्या मुठीत होती ती." आणि तिने जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट लावली. बाबा पहिल्या ओवीला हाताची घडी घालून बसले होते. चौथ्या-पाचव्या ओवीला त्यांनी चष्मा काढून पुसला. पुडीवर त्यांनी ओव्याच लिहिल्या, आणि पुढे आठवडाभर 'माझंच मत होतं' असं सांगत फिरले.

आज माझ्या ओळखीतली मुलं फोनवर एका बोटाने हजार गाणी सरकवतात आणि एकही पुरतं ऐकत नाहीत. मी काही त्यांना बोलत नाही. पण हातात काहीतरी जुनं, थंड धरून गाणं ऐकलं, की ते हळूहळू आपल्याच उबेने गरम होत जातं, आणि गाणं संपेपर्यंत हात सोडवत नाही. हे सुख मला अजून दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

एका नाण्याचं मात्र काही केल्या जमत नव्हतं. ते होतं बझारुक. वसईवर पोर्तुगीजांचं राज्य होतं तेव्हाचं बाजारातलं चिल्लर नाणं, कथलाचं. कथील म्हणजे भांड्यांना कल्हई लावतात ते. करड्या रंगाचं, काळपट, जाडसर, एका बाजूला पुसट क्रूस आणि त्याच्या कोपऱ्यांत एकदोन अक्षरं. बाबांनी ते वसईजवळच्या पापडीहून आणलं होतं, एवढंच मला ठाऊक होतं. आईने ते ओट्यावर टाकलं की 'ठप' असा आवाज यायचा. पुन्हा टाकलं, पुन्हा ठप. पेटीवर तो सूर कुठेच सापडेना. दोन वर्षांत आम्ही त्याला सगळं ऐकवलं, चर्चमधली गाणी, कोळीगीतं, व्हायोलिन, सनई, कव्वालीसुद्धा. कशानेच काही होईना. गाणं एकीकडे आणि हा गडी आपला एकीकडे. आई त्याला घोडनवरा म्हणायची. दर दोन महिन्यांनी बाबा आशेने त्याची पुडी काढायला सांगत आणि आई म्हणे, "आणा बाई, दाखवून टाकू पुन्हा एकदा." पुडीवर 'जोडी' लिहून पुढे रिकामी जागा होती.

पापडीच्या इनासमामांची आणि बाबांची ओळख मोठी गमतीची. इनासमामा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. एका रविवारी आमच्या रस्त्यावरून कुणाची तरी वरात चालली होती, बाबा दूध आणायला खाली उतरले आणि त्या क्लॅरिनेटच्या मागोमाग चालत सुटले, ते थेट लग्नघरी. तिथे जेवूनच परत आले, दुधाची पिशवी हातात. गाणं कळत नसलं तरी बाबांना ते आवडायचं मात्र फार. तेव्हापासून इनासमामा आमच्याकडे येऊ लागले. उंच, वाकलेले, बोटं लांबच लांब, आणि येताना सुकेळी आणायचे, वाडीतल्या केळ्यांची वाळवून केलेली, मधासारखी गोड. घरी ते त्यांच्या बोलीत बोलत, त्यातलं आम्हाला निम्मं कळे. आमच्याशी बोलताना जरा आमच्या वळणावर येत. मला 'बाय' म्हणायचे आणि बाबांना 'भाऊ'. त्यांच्या मुलीचं, फिलोमिनाचं, म्हणजे फिलूचं लग्न त्या वर्षी ठरलं होतं. दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी, आगमनकाळ लागायच्या आत, कारण नाताळच्या आधीच्या त्या दिवसांत चर्चमध्ये लग्नं लागत नाहीत.

आणि दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दुपारी आई तळमजल्यावर चकल्या पाडायला गेली, बाबा कंदिलाचा कागद आणायला. मला आईने समई, ताम्हण, निरांजनं आणि पूजेतले दोन चांदीचे रुपये घासायला दिले होते. मोरीत पाट टाकून मी बसले. चिंच आणि रांगोळी. आमच्याकडे पितळेला हाच उपाय. पूजेचे रुपये असे लखलखले की माझाच मला हेवा वाटला. आणि मग मला ती कल्पना सुचली. लक्ष्मीपूजनाला नाणी उजळतात, तर बाबांची नाणी बिचारी वर्षानुवर्षं अंधारात मळकी पडलेली. बाबांना चकित करू. सुरुवात कुणापासून करावी याचा विचार करायची गरजच नव्हती. मला वाटलं, आमचा घोडनवरा इतका कळकट दिसतो म्हणूनच त्याचं जमत नाही. जरा उजळवला तर लगेच स्थळ येईल. मी बझारुक काढलं आणि मनापासून घासलं. काळपट थर सुटायला लागला तसा मला आणखी जोर चढला. रांगोळी आणखी घेतली. दहा मिनिटांनी ते नवीन झाकणासारखं पांढरंशुभ्र चमकत होतं. मी ते धुवून ताम्हणात ठेवलं आणि शिवराईची पुडी उघडत होते, तेवढ्यात बाबा आले.

बाबा ओरडले नाहीत. त्यांनी आधी माझ्या हातातली शिवराईची पुडी काढून घेतली, मग बझारुक उचललं, गॅलरीत गेले आणि भिंग डोळ्याला लावून उभे राहिले. बराच वेळ. आई चकल्यांचा डबा घेऊन वर आली, तिने मोरीतली चिंच बघितली, बाबांची पाठ बघितली आणि डबा हळूच खाली ठेवला. कथील फार मऊ असतं. त्यावरचा क्रूस गेला होता, अक्षरं गेली होती. जुन्या नाण्याला कधी घासायचं नसतं, त्याची ती काळी कातडीच त्याला जपते, हे नाणेवाल्या माणसाला इतकं पाठ असतं की ते मला सांगायला हवं, हे बाबांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी ते आत आले आणि एकच वाक्य बोलले. "हे आपलं नव्हतं, नंदे."

ते इनासमामांचं होतं. त्यांची आई वारल्यावर तिच्या पत्र्याच्या डब्यात सापडलेलं. काय आहे ते बघा आणि माझ्या घरात हरवेल म्हणून फिलूच्या लग्नापर्यंत तुमच्याकडेच असू द्या, असं म्हणून त्यांनी ते बाबांच्या हातात दिलं होतं. बापाच्या घरची, वसईच्या मातीतली एक जुनी वस्तू म्हणून ते त्यांना फिलूला लग्नात द्यायचं होतं. "भाऊबीज झाली की जायचं," बाबा म्हणाले. "तू त्यांच्या हातात द्यायचंस. मी बोलणार नाही." दिवाळीच्या रविवारी आमची बैठक झाली, पण पुडी बाबांनी स्वतः उघडली. मी हात पुढे केला होता. त्यांनी तो न बघितल्यासारखं केलं. कुठलं नाणं होतं, कुठलं गाणं होतं, मला आज आठवत नाही. पुढे केलेला तो माझा हात तेवढा आठवतो. तेव्हा मला इतकं वाईट वाटलं होतं, की करंज्या समोर असून मी खाल्ल्या नाहीत, आणि मला ओळखणाऱ्यांना त्याचा अर्थ कळेल.

पापडीला आम्ही एसटीने गेलो. माझ्या एका हातात फराळाचा डबा, दुसऱ्या मुठीत पुडी, घामाने मऊ झालेली. चर्चवरून पुढे वळलं की केळीच्या वाड्या लागायच्या, मधे बावखलं, म्हणजे शिंपणाच्या पाण्याची तळी, हिरव्या शेवाळाने झाकलेली. इनासमामांच्या घराला नुकताच चुना लावला होता, अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. बाबा ओट्यावर बसले आणि खरंच काही बोलले नाहीत. मी पुडी इनासमामांना दिली. ते ती घेऊन उन्हात गेले. नाण्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, उलटं करून फिरवला.

"बाय, क्रूस कुठं गेला?"

"मी घासला," मी म्हणाले. "चुकून नाही. मुद्दाम घासला. चांगला दिसावा म्हणून." आणि मग मात्र मला रडू आवरेना.

इनासमामा माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी ओट्यावर बसून मान खाली घातली आणि म्हणाले, "फिलूला आता काय दाखवू मी?" त्यापेक्षा ते रागावले असते तर मला परवडलं असतं.

इतक्यात आतून त्यांची थोरली बहीण बाहेर आली. मरीबाय. लग्नासाठी महिनाभर आधीच राहायला आली होती. ठेंगणी, सत्तरीची, हात मसाल्याने लाल. "कोन रडतंय लगनघरात?" म्हणत तिने भावाच्या हातातलं नाणं उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि तिचा चेहराच बदलला. "अगे, हे आयचं! हे तुज्याकडं हाय? मी सगळीकडं शोधून ऱ्हायले!" मग माझ्याकडे बघून, "कोनी घासलं?"

"मी."

"कशानं?"

"चिंच आणि रांगोळीने."

"रांगोळी कशाला लावलीस, येडी! राखेनं घासायचं. आय दर लगनाला राखेनं घासायची."

इनासमामांनी मान वर केली. बाबांनीही. मरीबाय आत गेली, पोटमाळ्यावरून काहीतरी ओढल्याचा आवाज झाला आणि ती घुमट घेऊन आली. घुमट म्हणजे मातीचं मडकं, दोन तोंडांचं, त्यातल्या मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं. तिने ते उन्हात धरलं, कातडं जरा तापू दिलं, मग मांडीवर घेऊन उजव्या हाताने थाप मारली आणि डाव्या हातातलं बझारुक मडक्याच्या गळ्यावर वाजवलं. घुम् आणि टक्. घुम्, टक् टक्. तोच आमच्या ओट्यावरचा 'ठप', पण मातीवर पडल्यावर तो असा कोरडा, नेमका, हसरा वाजला, की मी रडायची थांबले. "रुपया घेतला का मडकं फुटतं," मरीबाय म्हणाली. "हे मऊ हाय. हे मातीला लागत नाय. आयला तिच्या आयनं दिलेलं, घुमटासाठी. आमी बायका ह्याच्यावरच गायचो."

"मंग मला कसं ठाव नाय?" इनासमामा म्हणाले.

"तू कदी घरच्या लगनात होतास? बँड घेऊन गावभर लोकांच्या लगनात!"

बाबा पुढे सरकून बसले होते. दोन वर्षं आम्ही ज्याला गाणी ऐकवत होतो, ते नाणं ऐकणाऱ्यातलं नव्हतंच, वाजणाऱ्यातलं होतं. बाबांना सूर कळत नव्हता, पण हे कळलं. परत येताना एसटीत मी जरा धीर करून म्हटलं, "म्हणजे घासलं ते बरंच झालं." बाबा म्हणाले, "मरीबायच्या आईनेही घासलं म्हणून तुझी चूक बरोबर ठरत नाही. राहिलेला क्रूस तूच पुसलास." माझ्या वडलांचं हे असं होतं. आणि मला वाटतं तेच बरोबर होतं.

मरीबायने मला शिक्षा दिली होती, ती वेगळीच. तिच्या डाव्या हाताच्या बोटांना संधिवात, नाणं फार वेळ धरवत नाही. फिलू तर नवरी. "हिनं घासलंय, हिनंच वाजवायचं," असा तिने निकाल दिला, नाणं पुडीसकट माझ्याकडे परत दिलं आणि ठेका शिकवला. पण घरी बझारुकाला सरावासाठी हात लावायची माझी छाती होईना, म्हणून मी आपला एक रुपया घेतला आणि आईच्या पाण्याच्या माठावर सुरू केलं. तिसऱ्या दिवशी माठाला गळ्यापासून बुडापर्यंत चीर गेली आणि स्वयंपाकघरभर पाणी झालं. आई पदर खोचून उभी राहिली, पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मरीबाय खरं सांगत होती तर." मग तिनेच पेटी काढून ठेका मोजून दिला, आणि पुढचा सराव बझारुकानेच झाला, दाराजवळच्या मातीच्या कुंडीवर, बाबा घरी नसताना.

लग्नाच्या आदल्या दुपारी आम्ही तिघं पापडीला गेलो. नवरीच्या आंघोळीसाठी विहिरीचं पाणी आणायला बायका वाजत गाजत निघाल्या होत्या, पुढे बँड. क्लॅरिनेट इनासमामांच्या शिष्याकडे होतं. नवरीच्या बापाने वाजवायचं नसतं, असं सगळ्यांनी त्यांना बजावलं होतं. विहिरीपर्यंत त्यांनी दम धरला. परत येताना शिष्याच्या हातातून क्लॅरिनेट कधी त्यांच्या ओठांना लागलं ते कुणाला कळलंच नाही, आणि फिलू डोक्यावर पदर धरून हसत होती. मांडवात चटया टाकलेल्या. फुग्यांचा, म्हणजे तळलेल्या गोड गोळ्यांचा वास, आतून इंद्यालच्या, म्हणजे आंबटतिखट मटणाच्या मसाल्याचा. बायका गोल करून बसल्या, मरीबायने घुमट मांडीवर घेतलं आणि मला जवळ ओढलं. गाणी त्यांच्या बोलीत होती. नवऱ्याच्या आईची टर उडवणारी असावीत, कारण प्रत्येक कडव्यानंतर समोरच्या बायका तोंडावर पदर घेत होत्या. घुम्, टक्. घुम्, टक् टक्. नाणं माझ्या बोटांत हळूहळू गरम झालं. मांडवाच्या खांबाला टेकून बाबा उभे होते, छातीशी टू-इन-वन धरून, रेकॉर्डिंगचं बटण दाबलेलं, श्वाससुद्धा जपून घेत. मी चुकले. मरीबायने गाता गाता मला कोपराने ढोसलं आणि मी पुन्हा ठेक्यात आले. पुन्हा एकदा चुकले. कुणालाही त्याचं काही नव्हतं. मी आयुष्यात इतकी खूश क्वचित झाले असेन.

गाणी संपल्यावर इनासमामांनी नाणं माझ्याकडून मागून घेतलं आणि फिलूच्या तळहातावर ठेवलं. म्हणाले, "पोरी, ह्याच्यावर वाचायचं काय ऱ्हायलं नाय. वाजवायचं ऱ्हायलंय." फिलूने मूठ मिटली. ते नाणं गेलं तिच्याबरोबर तिच्या घरी, आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून तिथेच आहे. तिच्या मुलीच्या लग्नात मी ते ऐकलं. राखेने घासलेलं होतं.

पुढच्या रविवारी कोलंबीची आमटी होती. उकळी आली, आई हात पुसत बाहेर आली. बाबांनी नाण्यांची लाकडी पेटी उघडली आणि माझ्यासमोर सरकवली. मी सगळ्यात वरची पुडी उचलली, ती हलकी लागली. बझारुकाची होती, रिकामी. बाबांनी कॅसेट लावली. मांडवातला गलबला, कुणाचं तरी बाळ, मग घुम्, टक्. मी सवयीने तळहात पुढे धरला होता. त्यावर काही नव्हतं, तरी मी तो गाणं संपेपर्यंत तसाच धरून बसले, बाबांनीही आपला धरला होता. संपल्यावर मी पुडी उलटी केली. दोन वर्षं रिकाम्या असलेल्या जागी बाबांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'जोडी: मरीबायचं घुमट. वाजवणारी नंदिनी. दोनदा चुकली. स्थळ पसंत.'

मी मान वर करायच्या आत आई म्हणाली, "दोनदा नाही हो. तीनदा. शेवटच्या कडव्यात एकदा, तुम्हाला कळलं नाही."

बाबांनी माझ्या हातातून पुडी घेतली, खिशातलं पेन काढलं, 'दोनदा'वर एक सरळ रेघ मारून वर 'तीनदा' लिहिलं, आणि पुडी पुन्हा माझ्या हातात दिली, पेटीत ठेवायला.